गुलमंडीहून परत रिक्षा नाही

आपा, काल तुमच्या भाचीनं, शबानानं, आपली पाटी पुसली. तिची काही चूक नाही. घर आवरायला आलेलं माणूस दिसेल ते पुसतंच. तिनं ओट्यावरचा चहाचा डाग पुसला, खिडकीचे गज पुसले आणि त्याच फडक्यानं पाटीही पुसली. मी दारात उभी होते. ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणं आवाजच निघाला नाही. मग म्हटलं, जाऊ द्या. पाटीवर होतं तरी काय? चार खणांची एक खिडकी आणि तिच्यात एक, सात, शून्य, एक. ते मला कधीही पुन्हा काढता येतं.

मी हे लिहितेय ते तुम्हाला दिसणार नाही, हे मला कळतं. पण तुम्हाला जिवंतपणीही माझं लिहिलेलं दिसत नव्हतं. त्यामुळंच तर सगळं सुरू झालं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. वैजापूरकडं आमच्या गावात तेवढीच होती. पाढे यायचे, पण गुरुजींनी विचारलं की मी खाली बघायची. लग्न होऊन पडेगावला आले तरी तेच. हो म्हणायचं तर मान हलवायची, नाही म्हणायचं तरी मान हलवायची. सासूचं, नवऱ्याचं, दुकानदाराचं, सगळ्यांचं तेवढ्यावर भागलं. तुमचं भागेना. तुमच्या नजरेच्या मधोमध काळं बसलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. ‘माणूस दिसतो, चेहरा नाही दिसत,’ असं तुम्ही सांगायचात. ‘बरंच आहे. कुणी म्हातारं दिसत नाही.’

आमच्या घरासमोर भिंत उठली आणि दुपारचा उजेड गेला. साडीला हातानं फॉल लावायचा तर टाका दिसावा लागतो. शेजारी तुमच्या पुढच्या खोलीत मात्र दिवस मावळेपर्यंत ऊन. एक दिवस साडी हातावर घेऊन तुमच्या दारात आले आणि उभीच राहिले. तुम्हाला चाहूल लागली.

“कोन है? चोर असशील तर आत ये, बिल्ली असशील तर भाग.”

मी मान हलवली. मग लक्षात आलं की ती तुम्हाला दिसणार नाही.

“सुनंदा. शेजारची.”

“क्या होना गे?”

“उजेड.”

“ले जा मां, सगळा ले जा. मला काय उजेडाचं लोणचं घालायचंय?”

अशी मी तुमच्याकडं बसायला लागले. जन्मभर पोरींना गणित शिकवलेलं माणूस तुम्ही. डोळे गेले तरी डोकं गप्प बसत नव्हतं. तुम्ही पलंगावर पडून पुटपुटायचात, मध्येच ‘छे’ म्हणायचात आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचात. एकदा न राहवून विचारलं, काय म्हणताय? तुम्ही म्हणालात, “डोक्यात चार आकडे बसतात. पाचवा आला की पहिला पडतो. तू धरशील का?” मी म्हटलं, फॉल धरू का आकडे? “एक टाका, एक आकडा,” तुम्ही म्हणालात.

पाटी तुमच्याच घरातली. माझ्याकडं कापडावर खुणा करायचा खडू होता. तुम्ही सांगितलं, एक चौकोन काढ, मध्ये उभी रेघ, मध्ये आडवी रेघ. तिला तुम्ही मॅट्रिक्स म्हणालात. मला ती चार खणांची खिडकी दिसली, आणि पुढं तुम्हीही खिडकीच म्हणायला लागलात. प्रत्येक खणात एक आकडा. मग त्या खिडकीला त्याच खिडकीनं गुणायचं. जे येईल त्याला पुन्हा त्याच खिडकीनं. असं करत गेलं की खिडकी काय करते ते बघायचं. एवढंच काम. तुम्ही गुणायची रीत सांगितलीत, आडवी ओळ, उभी ओळ, बेरीज. मी ‘हं’ म्हटलं. ते हं म्हणजे काहीच कळलं नाही, हे डोळे असते तर तुम्हाला तोंडावरूनच कळलं असतं.

मी आपली माझ्या रीतीनं गेले. कापडावर अस्तर ठेवतात तशी खिडकीवर खिडकी ठेवली. ज्या खणावर जो खण आला त्यांचा गुणाकार. पहिल्या दिवसांत तुम्ही सोप्या म्हणून ज्या खिडक्या दिल्यात, त्यात दोन कोपऱ्यांत आकडे आणि दोन कोपऱ्यांत शून्यं. दोन, शून्य, शून्य, तीन. मी सांगितलं, चार, शून्य, शून्य, नऊ. “शाब्बास,” तुम्ही म्हणालात. पुढच्या वेळी आठ आणि सत्तावीस. पुन्हा शाब्बास. अशा खिडक्यांना अस्तराची रीत चालते हे मला कुठं माहीत, आणि मी अस्तर लावतेय हे तुम्हाला कुठं माहीत. आपण दोघी खूश.

मग तुम्ही दिलीत एक, एक आणि खाली शून्य, एक.

“किती आलं?”

“तेच.”

“तेच म्हंजे?”

“एक, एक, शून्य, एक.”

“पुन्हा गुण.”

“तेच.”

तुम्ही उठून बसलात. “मोठ्यानं बोल. पुन्हा?”

“तेच हो आपा. ही खिडकी मुकी आहे. बदलतच नाही.”

मग तुम्ही म्हणालात, “सुनंदा, सच बोल. गुणतेस कसं?” मी अस्तराचं सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. पाणी पिऊन पुन्हा हसलात. मला राग आला होता, पण तो सांगायला आवाज लागतो.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही म्हणालात, वरची ओळ म्हणजे पडेगावातली बाई. डावा खण, ती पडेगावातच राहिली, ही एक रीत. उजवा खण, ती गुलमंडीला गेली, ही एक रीत. खालची ओळ म्हणजे गुलमंडीतली बाई. डावा खण, ती पडेगावला परत आली, शून्य. उजवा खण, ती गुलमंडीतच राहिली, एक. ही झाली एका दिवसाची खिडकी.

“परत यायला शून्य का?”

“रिक्षा नाय.”

“अहो आपा, गुलमंडीच्या बाजारातून अंधार पडल्यावरसुद्धा रिक्षा असतात. दुकानात साड्या देऊन मीच येते ना.”

“तुझ्या गुलमंडीहून असतील. माझ्या गुलमंडीहून परत रिक्षा नाय. आता सांग, दोन दिवस दिले, तर पडेगावची बाई गुलमंडीत किती रीतींनी असेल?”

मी सुई बाजूला ठेवली. “आज गेली आणि उद्या तिथंच राहिली. नाहीतर आज राहिली आणि उद्या गेली.”

“किती झाल्या?”

“दोन.”

“मोठ्यानं!”

“दोन!”

“आणि तुझ्या अस्तरानं किती?”

“एक.”

“दुसरी कुठं गेली गे?”

“अस्तरात शिवली गेली,” मी म्हटलं. आपा, माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर कुणी तसं हसलं नव्हतं.

तेव्हापासून आडवी ओळ म्हणजे निघणं आणि उभी ओळ म्हणजे पोचणं, हे मला पाठ झालं. दुपारी फॉल लावता लावता आपण खिडक्या गुणायचो. पाटी लहान, दोनच खिडक्या मावायच्या. नवी काढायची तर जुनी पुसावी लागायची, म्हणून मागचं लक्षात ठेवायला लागायचं. मी त्यांना नावं ठेवली. शून्य, एक, एक, शून्य ती येरझारी. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं, जन्मभर. चारी खणांत एक असलेली ती दुपटी, कारण दोन, चार, आठ अशीच वाढते. तुम्ही म्हणायचात, एवढी वर्षं शिकवलं, पण खिडक्यांचं बारसं कुणी केलं नाही.

तुमची लाडकी होती एक, एक, एक, शून्य. त्या गुलमंडीत मुक्काम करता येत नाही, लगेच परत यावं लागतं. तिचा पहिला खण एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असा जातो. मागचे दोन मिळवले की पुढचा येतो, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही मला बरणीतली दोन खारी बिस्किटं दिलीत. पण मला ती आवडत नव्हती आणि अजूनही नाही. फुगतच जाते, हातात राहत नाही. त्यावरून आपलं भांडण कधी मिटलं नाही. “तुला नजर नाही,” तुम्ही म्हणायचात. कोण कुणाला म्हणतंय बघा.

एका खिडकीला मात्र मी घाबरले होते. शून्य, एक आणि खाली शून्य, शून्य. एकदाच गुणली आणि सगळी शून्यं झाली. मी पुन्हा करून पाहिलं. तसंच.

“ही विझली आपा.”

“हौ. तिथं पडेगावात राहता येत नाय. गुलमंडीला जावंच लागतं, आणि गुलमंडीत राहताही येत नाय, परत येताही येत नाय.”

“असं कसं? बाई कुठंतरी असणारच की.”

“खिडकीत नाय, एवढंच गणित सांगतं. खिडकीच्या बाहेर काय आहे ते गणित सांगत नाय.” मग थोड्या वेळानं विचारलंत, “तुमच्यात काय म्हणतात गे, मेल्यावर?”

मी म्हटलं, आमच्या विहारात सांगतात की चांगलं वागायचं ते इथंच, जिवंत असताना. पुढचा जन्म कुणी पाहिला नाही. तुम्ही म्हणालात, आमच्यात पुढं हिशोब आहे, आणि गणिताच्या बाईला हिशोबाची कसली भीती. विषय तिथंच राहिला. मी नवा दोरा ओवला.

आता त्या वादाचं. शेवटचा वाद, म्हणून सारखा आठवतो. तुम्ही पुन्हा तीच खिडकी काढायला लावलीत, परत रिक्षा नसलेली. एक, एक, शून्य, एक. गुणत गेले. वरचा उजवा खण दोन झाला, तीन झाला, सातपर्यंत नेला. बाकीचे तीन खण हलले नाहीत.

“हजार दिवसांनी?” तुम्ही विचारलंत.

“एक, हजार, शून्य, एक.”

“कशावरून?”

“दर वेळी एकानं वाढतोय ना.”

“आजवर वाढला. उद्या दोननं वाढला तर?”

“कसा वाढेल? सूर्य रोज उगवतो तसंच हे.”

“सूरज की मैं टीचर नहीं. या खिडकीची आहे. का वाढतो ते सांग.”

“वाढतो म्हणून वाढतो.”

“ये जवाब नहीं गे, ये जिद है.”

“तुम्हाला माहिती आहे तर तुम्ही सांगा.”

“मी सांगितलं तर ते माझं होईल. तुझं कसं होईल?”

मी साडीची घडी घातली आणि उठले. तुम्ही पाठीमागून म्हणालात, तुला येतंय, नुसतं तोंडात अडकलंय. दुसऱ्या दिवशी आले तर आपण भाजीच्या भावाचं बोललो. चहा घेतला. पाटी कपाटाला टेकवून ठेवलेली होती, तिच्याकडं मी गेले नाही, तुम्हीही तिचा विषय काढला नाहीत. घाई कुणालाच नव्हती. मग तुम्हाला सर्दी झाली, ती छातीत उतरली. दवाखान्यातून घरी आलात तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता उतार पडला. सकाळी मी कण्या घेऊन आले. दोन चमचे घेतलेत, मीठ कमी आहे म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी मीठ आणायला गेले. आल्यावर हाक मारली, मोठ्यानं मारली, पण तुम्ही ओ दिली नाहीत.

तुमच्यात बाया कबरस्तानात जात नाहीत. आमच्यात स्मशानात जातात. म्हणून मला ते जड गेलं. गल्लीच्या वळणापर्यंत तुमचा जनाजा दिसला, मग खांदा देणारे वळले आणि दिसायचं थांबलं. पुढचं मला माहीत नाही. बायकांत बसले. आलेली प्रत्येक बाई विचारायची, कधी गेल्या, कशा गेल्या. कुणी म्हणालं, मागच्या थंडीत घसरून पडल्या होत्या तेव्हाच भीती वाटली होती. कुणी म्हणालं, ईदपर्यंत तरी राहायला हव्या होत्या. मी मान हलवत होते.

काल पाटी पुसून झाल्यावर शबाना म्हणाली, “सुनंदा आंटी, एक पूछूँ? खाला फोन पे बोली थी, सुनंदा से बहस चल रही है. उसको जवाब आता है, बोलती नहीं. कैसा जवाब?”

मी मान हलवली आणि घरी आले.

आज सकाळी गुलमंडीतल्या दुकानदाराचा फोन आला. साड्या शुक्रवारपर्यंत द्यायच्या होत्या. तो म्हणाला, “बाई, शुक्रवारची घाई नाही. शनिवारपर्यंत कधीही आणून टाका.” मी मान हलवली. “ऐकताय ना बाई?” हो म्हटलं, फोन ठेवला आणि पिशवीत साड्या भरायला लागले. मनात आलं, चला, जायला एक दिवस वाढला. आज जाता येईल, उद्या जाता येईल, शुक्रवारी जाता येईल, आता शनिवारीही. आणि हातातली साडी हातातच राहिली.

आपा, एकच रीत वाढली. शुक्रवारपर्यंत ज्या रीती होत्या त्या तशाच राहिल्या, कारण जी बाई आधीच गेली तिला शनिवारी करायला काही उरत नाही. ती तिथंच असते. परत रिक्षा नाही. आणि जी अजून गेली नाही, ती पडेगावात एकाच रीतीनं राहिलेली असते, रोज राहत राहत. तिचं शनिवारी जाणं ही एक नवी रीत. मागच्या सगळ्या, अधिक एक. दोन वाढणारच नाहीत. उद्या नाही, हजाराव्या दिवशी नाही, कधीच नाही. खाली शून्य आहे म्हणून वरचा खण असा एकेकानं वाढतो. परत येता आलं असतं तर तो तुमच्या लाडकीसारखा फुगला असता.

मग मला त्या बायकांचं बोलणं आठवलं. थंडीत घसरलात तेव्हा गेला असतात, ती एक रीत. गेला नाहीत. त्यानंतर रोज सकाळी एकेक रीत वाढत गेली आणि त्या सगळ्या दिवशी तुम्ही पडेगावात राहिलात. मी उजेड मागायला आले, खिडक्या काढल्या, खारी खाल्ली, ते सगळं त्या राहण्यातलं. जाणं एकदाच होतं. राहणं रोज करावं लागतं, आणि तुम्ही ते केलंत.

साड्या तशाच ठेवून शेजारी गेले. तुम्हाला सांगायला नाही. तुम्ही तिथं नाही हे मला पक्कं माहीत होतं. शबानाकडं पाटी मागायला गेले. खोली रिकामी झाली होती. पलंग गेला होता, कपाट गेलं होतं, ऊन तेवढं जागेवर होतं. मी जमिनीवर बसले, खडू काढला, पाटीवर खिडकी काढली आणि शबानाला म्हटलं, बैठो. ती बसली.

मी सांगायला लागले. अर्धं मराठीत, अर्धं माझ्या मोडक्या हिंदीत. पडेगाव, गुलमंडी, गेलेली बाई, राहिलेली बाई. मध्ये अडखळले तेव्हा तिनं मदत केली नाही, ते बरं केलं. तुमचीच भाची. ती बँकेत काम करते, आकड्यांची तिला सवय, पण तीही एकदा म्हणाली, “फिर से बोलो आंटी.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

शेवटी तिनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “और ये ज़ीरो? ये कब बदलता है?”

“ते नाही बदलत,” मी म्हटलं. “कितीही दिवस झाले तरी.”

ती पदर डोळ्यांना लावून उठली आणि पाटी माझ्या हातात दिली.

घरी यायला निघाले तेव्हा कळलं की एवढा वेळ माझा आवाज त्या खोलीत घुमत होता. सामान नव्हतं म्हणून असेल. पण दोनदा सांगितलं, आपा, आणि एकदाही कुणाला ‘मोठ्यानं’ म्हणावं लागलं नाही.